श्रेडरला तेल घातलंत का? नव्याने मशीन घेतलेल्यांसाठी देखभालीची माहिती

ठाण्यातल्या एका कर सल्लागाराच्या लहानशा ऑफिसचं रोजचं कामकाज मी बघते. आमचं पहिलं श्रेडर, म्हणजे नको असलेल्या कागदांचे बारीक तुकडे करणारं मशीन, सव्वा वर्षात बंद पडलं. मोटर गुरगुरायची, पण कागद आत जायचा नाही. रिक्षात घालून मी ते दुरुस्तीला नेलं.

दुरुस्तीवाल्या काकांनी मशीनचं डोकं, म्हणजे डब्यावर बसणारा मोटर आणि पात्यांचा भाग, टेबलावर उलटं ठेवलं, खालची प्लास्टिकची जाळी काढली आणि मला जवळ बोलावलं. दोन दांड्यांवर दाटीवाटीने चकत्या बसवलेल्या होत्या आणि दर दोन चकत्यांच्या मधे करड्या रंगाचं काहीतरी घट्ट भरलेलं होतं. मला वाटलं ते रबर आहे, मशीनचाच भाग. काकांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्यातला एक तुकडा उचकटून माझ्या तळहातावर ठेवला. तो कागद होता. कागदाची धूळ दाबली जाऊन इतकी टणक झाली होती की नखाने खरवडली तरी सुटेना.

"ताई, तेल कधी घातलं होतं शेवटचं?"

"यात तेल घालतात?"

काकांनी मान हलवली आणि बाजूचं गिअर दाखवलं. प्लास्टिकचं होतं, एका बाजूचे दात पार झिजून गेले होते. चकत्या कोरड्या, त्यात धूळ भरलेली, म्हणून मोटरवर ताण आला आणि त्या ताणाने गिअर गेलं. दुरुस्तीचा आकडा नव्या मशीनच्या जवळ जात होता, त्यामुळे नवीनच घ्यावं लागलं. ते दुसरं मशीन आज सातव्या वर्षात आहे. काम तेवढंच, कागद तेवढेच, फक्त तेल वेळेवर पडतं. तुमच्या घरी किंवा ऑफिसात नुकतंच श्रेडर आलं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलं आहे.

आधी हे जवळ ठेवा

- मशीनसोबत आलेली पुस्तिका. खोक्याबरोबर रद्दीत जाणारी पहिली वस्तू हीच असते. हरवली असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या.
- श्रेडरचं तेल, निमुळत्या नळीच्या तोंडाच्या बाटलीतलं
- एका बाजूने छापलेले, कोरडे, पिना काढलेले दहा-बारा ए-४ कागद
- रंगकामाचा एक इंची मऊ ब्रश, नवा
- लांब, बोथट टोकाचा चिमटा
- कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल
- जुनं सुती फडकं आणि खाली अंथरायला वर्तमानपत्र

१. आपलं मशीन कोणत्या जातीचं आहे ते बघा

कागद घालून त्याचे तुकडे हातात घेऊन बघा. लांब शेवयांसारख्या पट्ट्या निघत असतील तर ते स्ट्रिप-कट. लहान आयताकृती तुकडे निघत असतील तर क्रॉस-कट. आणि जवळजवळ भुगाच पडत असेल तर मायक्रो-कट.

शेवयांची उपमा उगाच दिलेली नाही. १९३५ च्या सुमाराला जर्मनीत अडोल्फ एहिंगर यांनी कागद फाडायचं यंत्र केलं, ते शेवया कापायच्या हातयंत्रावरून सुचलं असं सांगतात. आजही आत तेच असतं: एकमेकांत गुंतलेल्या धारदार चकत्यांच्या दोन दांड्या, उलटसुलट दिशेने फिरणाऱ्या.

जात ओळखायची ती तेलासाठी. ए-४ कागदाचं क्षेत्रफळ साधारण ६२,३७० चौरस मिलिमीटर. सहा मिलिमीटरच्या पट्ट्या पाडल्या तर ३५ पट्ट्या होतात. ४ बाय ४० मिलिमीटरचे तुकडे केले तर सुमारे ३९०. आणि २ बाय १५ चे केले तर दोन हजारांच्या वर. कागद तोच, पण पात्यांना किती वेळा कापावं लागतं ते बघा. जितके जास्त काप, तितकी जास्त धूळ आणि तितकंच जास्त घर्षण. त्यामुळे स्ट्रिप-कटचं कमी तेलावर निभावतं, क्रॉस-कटला नियमित लागतं आणि मायक्रो-कटला सगळ्यात जास्त वेळा.

खोक्यावर पी-३, पी-४, पी-५ असं काही छापलेलं दिसेल. आधी डीआयएन ६६३९९ या जर्मन मानकात आलेली आणि २०१८ पासून आयएसओ/आयईसी २१९६४ म्हणून जगभर घेतलेली ही प्रतवारी आहे. पी-१ ते पी-७, आकडा मोठा तितका तुकडा बारीक. आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि बँकेच्या स्टेटमेंटसाठी पी-४ पुरतं, म्हणजे जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा तुकडा. भीतीपोटी पी-५ घेतलंत तर चालेलच, पण त्याचं तेलपाणी पी-४ पेक्षा काटेकोर ठेवावं लागेल हे घेतानाच लक्षात घ्या.

२. तेल निवडा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिली गोष्ट: स्प्रेच्या डब्यातलं काहीही वापरायचं नाही. कुरकुरणाऱ्या बिजागरीला मारतो तो डब्ल्यूडी-४० प्रत्येक ऑफिसात असतो आणि मशीन कुरकुरलं की पहिला हात त्याच्याकडे जातो. त्यातले द्रावक पेट घेणारे असतात. श्रेडरच्या बंद डोक्यात वाफ साचते, वर कागदाची सुकी धूळ असते आणि मोटरच्या आत वीज पोचवणारे जे कार्बनचे तुकडे (त्यांनाही ब्रशच म्हणतात) असतात त्यांच्याजवळ ठिणगी उडत असते. भडका उडायला आणखी काही लागत नाही. कीबोर्ड साफ करायचे दाबलेल्या हवेचे डबेही याच कारणाने वर्ज्य, कारण त्यांतल्या अनेकांत भरलेला वायू ज्वालाग्राही असतो. पुस्तिकेत ही सूचना ठळक अक्षरांत असते. ती मनावर घ्या.

दुसरी गोष्ट: स्वयंपाकघरातलं तेल. हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि प्रश्न रास्त आहे, कारण काही कंपन्यांचं श्रेडर-तेल हे मुळात कॅनोला तेलच असतं, म्हणजे मोहरीच्या कुळातलं वनस्पती तेल. मग आपलं खाण्याचं तेल का नको? तर आपल्या घरातली तेलं एकेक करून बघा. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरच्या सकाळी पुण्या-नाशकात बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, तसंच ते पात्यांवर थिजून बसेल. जवसाचं तेल हवेने सुकून कडक होतं, म्हणून तर ते रंगात वापरतात. करडई आणि सूर्यफूलही त्याच वाटेने जातात, फक्त हळूहळू. ओट्याजवळच्या तेलाच्या बरणीला बाहेरून जो पिवळट चिकट राप चढतो, गरम पाण्यानेही सहज निघत नाही, तोच राप चकत्यांवर चढला आणि त्यात धूळ बसली की काय होईल? माझ्या तळहातावर जो तुकडा होता तोच प्रकार, आणि वर चिकट.

अगदीच अडलं तर शुद्ध कॅनोला एखाद्या वेळी चालेल. सवय मात्र लावून घेऊ नका.

शिलाई मशीनच्या तेलाचं उत्तर मशीनप्रमाणे बदलतं. काही कंपन्या पेट्रोलियमपासून केलेली तेलं स्पष्ट मना करतात. वॉरंटी चालू असताना पुस्तिका सांगेल तेच तेल घाला. इंजिन ऑइल आणि ग्रीस यांचा विचारही नको, ते दाट असतं आणि धूळ धरून ठेवतं.

बाजारात तेलात भिजवलेल्या पानांची पाकिटंही मिळतात. पान घालायचं, झालं. हात खराब होत नाहीत, पण बाटलीच्या मानाने महाग पडतात. महिन्याला पाच-दहाच कागद फाडणाऱ्या घराला ती बरी, ऑफिसला बाटलीच परवडते.

३. तेलाआधी धूळ काढा

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून बाहेर हवी. स्वयंचलित मशीनला तोंडाशी काहीही आलं की फिरायची सवय असते आणि ब्रशलाही ते कागदच समजतं.

डोकं उचलून वर्तमानपत्रावर उलटं ठेवा. खालून चकत्या दिसतील. मऊ ब्रशने एकाच दिशेने, मोटरपासून लांब झाडा. चकत्यांना तुकडे चिकटलेले असतील तर चिमट्याने एकेक ओढा. बोटं लावू नका, मशीन बंद असलं तरी धार धारच असते. सुरी, ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हरही घालू नका. चकतीच्या कडेला एक टवका उडाला की त्या जागी कागद कापला न जाता दुमडतो आणि मग रोज तिथेच अडकतो.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. ब्लोअर मात्र वापरू नका. तो धूळ बाहेर काढण्याऐवजी मोटरकडे आत ढकलतो.

४. तेल घाला

दोन रीती आहेत. नवख्या माणसाला मी कागदाची रीत सांगते.

दोन ए-४ कागद एकावर एक ठेवा. वरच्या कागदावर बाटलीच्या नळीने, कडेपासून कडेपर्यंत, नागमोडी रेघ ओढत खाली या. वरची तीन-चार बोटं जागा आणि दोन्ही बाजूंच्या कडा कोरड्या ठेवा. एकूण तेल चहाच्या लहान चमच्यापेक्षा जास्त नको.

खालचा कोरडा कागद कशाला, असं वाटेल. कागदावर तेल पडलं की तो पारदर्शक होतो, भज्यांच्या पुडीसारखा. बहुतेक मशिनांच्या तोंडात मधोमध प्रकाशाचा सेन्सर असतो, कागदाने प्रकाश अडवला की मोटर चालू होते. तेलकट कागदातून प्रकाश आरपार गेला की मशीन अर्ध्यावर थांबतं आणि कागद तोंडात लोंबकळत राहतो. दुसरा कोरडा कागद जोडीला असला की सेन्सरला तो दिसतो. टेबलही खराब होत नाही. तरीही थांबलंच, तर फॉरवर्डचं बटण दाबून ठेवा.

आता कोरडी बाजू आधी, सरळ, दोन्ही कागद एकत्र आत जाऊ द्या. पूर्ण कापले गेले की रिव्हर्सचं बटण दहा सेकंद दाबा, मग फॉरवर्ड दहा सेकंद. असं तीन-चार वेळा करा. मागेपुढे फिरल्याने तेल चकत्यांच्या मधल्या फटींत उतरतं. नुसता कागद घालून उठलात तर तेल फक्त धारेला लागतं आणि निम्मं तर तुकड्यांबरोबर डब्यात जातं. तेल घालूनही फरक पडत नाही अशी तक्रार करणारे बहुतेक जण हे मागेपुढे करणंच विसरलेले असतात.

अर्धा तास तसंच राहू द्या. मी शुक्रवारी संध्याकाळी निघताना घालते, म्हणजे दोन दिवस मिळतात. नंतर चार-पाच कोरडे कागद एकेक करून घाला, जास्तीचं तेल ते टिपून घेतात.

दुसरी रीत थेट तेल सोडायची. मोठ्या ऑफिस मशिनांच्या पुस्तिकेत बहुधा हीच असते. प्लग काढून, तोंडाच्या फटीतून चकत्यांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक धार सोडायची, मग प्लग लावून रिव्हर्स-फॉरवर्ड. यात जपायचं ते सेन्सरला. बरोबर मधे तो दिसतो, तिथे हात थांबवून पुढे जा.

तेल जास्त झालं तर? ओघळून सेन्सरवर आलं तर मशीन आपोआप सुरू होत राहतं किंवा सुरूच होत नाही. शिवाय धुळीचा चिखल होतो. कोरडे कागद घालत राहा, तेलकट डाग यायचे थांबेपर्यंत.

५. किती दिवसांनी

क्रॉस-कट असेल तर साधा नियम पाळा: डबा रिकामा केला की तेल. डबा लवकर भरत नसेल तर महिन्यातून दोनदा तरी. चालू वेळेवर मोजायचं असेल तर मशीन एकूण अर्धा तास फिरलं की एकदा. मायक्रो-कटला याच्या आधीच, आणि स्ट्रिप-कटला महिन्यातून एकदा चालेल.

इतक्या वेळा का, असं वाटणं साहजिक आहे. दरवाजाच्या बिजागरीला वर्षातून एकदा पुरतं ना! पण बिजागरीतलं तेल कोणी पुसून नेत नाही. इथे प्रत्येक कागद थोडं थोडं तेल शोषून डब्यात घेऊन जातो. शिवाय छपाईचा कागद पांढरा आणि गुळगुळीत दिसावा म्हणून त्यात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळलेली असते. कोरड्या धारेवर ती बारीक पॉलिश पेपरसारखी घासते.

दिवस मोजण्यापेक्षा कान चांगला. तेल असलेलं मशीन एकसुरी घरघर करतं. कोरडं पडलं की आवाज वर चढतो आणि कागद मध्यावर आला की अडखळतो. तो आवाज एकदा ओळखीचा झाला की शेजारच्या खोलीतूनही कळतं. आमच्या ऑफिसात नवी मुलगी आली की मी तिला तेल घालायच्या आधी एक कागद आणि नंतर एक कागद घालून ऐकवते.

६. तोंडात काय घालायचं नाही

स्टेपलरची साधी पिन बऱ्याच मशिनांना चालते, पण मी ती काढूनच टाकते. यू-पिन, बाइंडर क्लिप, फायलींची पत्र्याची पट्टी, टॅगचं धातूचं टोक, हे काहीही नाही.

धातूपेक्षा त्रासदायक असतं ते चिकट. कुरिअरच्या पाकिटावरचं लेबल, सेलोटेप, पोस्ट-इट, डिंक लावलेला लखोटा. गोंद चकतीला लागतो, त्यावर धूळ बसते आणि तेल त्या थराच्या वरूनच घसरून जातं. लखोटा फाडायचाच असेल तर चिकटवलेली कड कात्रीने कापून मगच घाला. लॅमिनेशन केलेलं ओळखपत्र, एक्स-रे, प्लास्टिकचं फोल्डर, पुठ्ठा यांनाही दूर ठेवा. एटीएम कार्ड किंवा सीडी फक्त पुस्तिकेत तशी सोय लिहिली असेल तर, आणि सीडीसाठी वेगळी फट असेल तर त्याच फटीतून.

आणखी एक चूक मोजणीची. खोक्यावर '१० पाने' लिहिलेलं असतं ते बहुधा ७० किंवा ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या) सुट्या ए-४ कागदांसाठी, मशीन नवं आणि तेल घातलेलं असताना. तीन पदरी घडी घातलेलं पत्र तसंच घातलंत तर ती तीन पानं झाली. स्टॅम्प पेपर आणि लेजरचा कागद जाड असतो. दहा लिहिलं असेल तिथे सहा-सातच घाला. वेळ थोडा जास्त जाईल, गिअर वाचेल.

आणि माणसांबद्दल. ओढणी, पदर, गळ्यातलं आयकार्ड, लांब मंगळसूत्र, मोकळे केस, हे सगळं मशीनवर वाकताना तोंडाशी येतं. पदर खोचा, आयकार्ड काढून ठेवा. घरात लहान मूल असेल तर वापर झाला की प्लग काढायचा, याला अपवाद नको. लहान बोटं त्या फटीत सहज जातात.

७. विश्रांती द्या

घरगुती आणि लहान ऑफिस मशीन सलग चालण्यासाठी केलेलं नसतं. पुस्तिकेत चालू-बंदचा हिशोब दिलेला असतो. आमच्या पहिल्या मशीनला २ मिनिटं चालू, ३० मिनिटं बंद असा होता. २ मिनिटं म्हणजे किती? मिनिटाला दोन मीटरच्या वेगाने एक ए-४ जायला नऊ सेकंद लागतात. प्रत्येक वेळी सहा कागद, मधे हात फिरवायचा वेळ धरला, तर पन्नास-साठ कागद. त्यानंतर चहा घ्या, दुसरं काम करा.

रिटर्नचा हंगाम संपला की आम्ही चार-चार गठ्ठे एका दुपारी उडवायचो. मशीन तापून आपोआप बंद पडायचं, पुन्हा चालू झालं की पुन्हा लागायचो. तापून बंद होणं ही मोटर वाचवायची सोय आहे. ती रोज वापरावी लागत असेल तर एकतर कामं वाटून घ्या, नाहीतर जास्त वेळ चालणारं मशीन घ्या.

प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. प्रिंटर, राउटर आणि पंखा लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

८. कागद अडकला तर

हात लावायच्या आधी थांबा. वरून आणखी कागद घालून आधीचा ढकलायचा मोह होतो, तो आवरा.

रिव्हर्स दाबा. थोडा मागे आला की फॉरवर्ड, पुन्हा रिव्हर्स. बहुतेक वेळा एवढ्याने सुटतो. नाही सुटला तर प्लग काढा, वर आलेली टोकं चिमट्याने धरून सरळ वर ओढा. तिरकं ओढलंत की कागद फाटतो आणि उरलेला आतच राहतो. तरीही हलत नसेल तर अडकलेल्या जागी थेंब थेंब तेल सोडा आणि अर्धा-पाऊण तास विसरून जा. तेल मुरलं की दाबलेला कागद मऊ पडतो. मग पुन्हा प्लग लावून रिव्हर्स.

डबा गच्च भरलेला आहे का तेही बघा. तुकडे वरपर्यंत आले की ते खालून चकत्यांत परत ओढले जातात. वरून कितीही प्रयत्न केले तरी मग उपयोग नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की रिकामा करायचा.

मोटरचा आवाज येतो, 'कट्-कट्' ऐकू येतं, पण चकत्या जागच्या हलत नाहीत, असं असेल तर गिअरचे दात गेलेत. तिथे तेलाचा उपयोग नाही. मशीन बंद करा आणि कारागिराला दाखवा.

९. सेन्सर

कागद न घालताच मशीन फिरत राहत असेल, किंवा कागद घालूनही ढिम्म असेल, तर प्लग काढून कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून, निथळून, तोंडातल्या सेन्सरवरून दोन्ही बाजूंनी फिरवा. पाच मिनिटं वाळू द्या. डबा नीट आत बसला आहे ना हेही बघा. कित्येक मशिनांत डब्याचं बटण दाबलं गेल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही, आणि अर्ध्या बोटाने बाहेर राहिलेल्या डब्यापायी लोक मशीन दुरुस्तीला घेऊन जातात.

१०. पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यातल्या लोकांनी हे मुद्दाम वाचा. दमट हवेत कागद पाणी धरतो, नरम होतो. नरम कागद कापला जात नाही, ताणला जाऊन चकत्यांभोवती गुंडाळतो. फायलींच्या कपाटातून काढलेला गठ्ठा आधी पंख्याखाली पसरून ठेवा आणि एका वेळी घालायची पानं आणखी कमी करा. ओलसर धूळ चकत्यांवर राहिली की गंज धरतो, म्हणून या चार महिन्यांत मी आठवड्याला तेल घालते, काम झालेलं असो वा नसो. मशीन खिडकीजवळ किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका.

११. फाडण्याआधी आणि फाडल्यानंतर

हे देखभालीचं नाही, पण फाडलेला कागद परत जोडता येत नाही म्हणून सांगते. धंद्याची कागदपत्रं असतील तर मुदत तपासा. जीएसटीची हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त. कंपनीची हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षांची जपून ठेवावी लागतात. शंका असेल तो गठ्ठा बाजूला ठेवून तुमच्या सीएंना विचारा.

तुकडे काचसामान बांधायला छान उपयोगी पडतात. साध्या छपाईचे, बिनतेलाचे तुकडे घरच्या खताच्या टोपलीत ओल्या कचऱ्यावर मूठ-मूठ पसरता येतात, पाणी शोषून घेतात आणि वास कमी येतो. गुळगुळीत रंगीत कागद आणि दुकानाच्या थर्मल पावत्या त्यात नकोत. तेल घातल्यानंतरचे पहिले तुकडे वेगळ्या पिशवीत भरा, ते ना रद्दीत चालतात ना खतात.

१२. मशीनवर कार्ड लावा

पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, डब्याच्या बाजूला, दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिलीसकट. तीन रकाने: तारीख, काय केलं, कोणी केलं. "डबा रिकामा, तेल", "अडकला, तेल सोडून सुटला", "सेन्सर पुसला". ऑफिसात चार जण मशीन वापरतात तेव्हा तेल दुसऱ्याने घातलं असेल असं प्रत्येकाला वाटतं. कार्ड असलं की वाटायचा प्रश्न उरत नाही. मशीन दुरुस्तीला न्यायची वेळ आली तर कार्डही सोबत न्या. मागच्या वर्षी आमच्या दुसऱ्या मशीनचं बटण बदलायला मी त्याच काकांकडे गेले होते. त्यांनी आधी डोकं उलटं करून चकत्यांवर टॉर्च मारला, मग कार्ड वरून खाली वाचलं, आणि फक्त बटणाचे पैसे घेतले.